सबवूफर नको पण बेस हवा: टॉवर स्पीकरवाल्यांची प्रश्नोत्तरं

टॉवर स्पीकरबद्दल (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) काय विचारायचंय ते कळवा असं म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांतली बहुतेक एकाच गोष्टीवर अडलेली: सबवूफर (फक्त बेस वाजवणारी वेगळी पेटी) घ्यायचा नाही, मग कुठल्या टॉवरचा बेस, म्हणजे खालच्या जड स्वरांचा आवाज, चांगला. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी बजावलंय म्हणून फक्त गावं देतोय.

नाशिक: सर, आमचा हॉल १६ बाय १२ फूट. सबवूफर घ्यायचा नाहीये, एक तर जागा नाही आणि आई म्हणते तो काळा डबा घरात नको. दोन टॉवरवर गाडी अडलीये. एकात साडेसहा इंचाचे दोन वूफर (बेस वाजवणारे गोल) आहेत आणि ब्रोशरवर ३८ हर्ट्झ लिहिलंय (म्हणजे तिथवर खाली बेस जातो, आकडा कमी तितका खोल), दुसऱ्यात आठ इंचाचा एकच आणि ४४ हर्ट्झ. शोरूमवाला म्हणतो आठ इंची तो आठ इंची. कुणाचा बेस जास्त?

"आठ इंची तो आठ इंची" हे इतक्या दुकानांत ऐकलंय की हे बहुतेक ट्रेनिंगमध्येच शिकवत असावेत. जरा हिशोब करून बघा. साडेसहा इंची वूफरचा खरा हलणारा भाग असतो साधारण १३० ते १४० चौरस सेंटीमीटर, आठ इंचीचा २१० ते २२०, म्हणजे दोन साडेसहा मिळून २७० च्या आसपास जातात आणि एकट्या आठ इंचीला मागे टाकतात. पण एवढ्यावर निकाल लागत नाही, कारण बेस म्हणजे शेवटी हवा ढकलणं आणि किती हवा ढकलली जाते ते कोन (वूफरचा हलणारा शंकू) केवढा आहे आणि तो किती पुढेमागे जातो या दोन्हींवर ठरतं. लांब हलणारा दणकट आठ इंची दोन स्वस्तातल्या साडेसहांना भारी पडू शकतो. आणि खाली जाल तशी हवा भलतीच जास्त लागते, आवाज तेवढाच ठेवून ५० हर्ट्झवरनं ३५ वर यायचं तर दुप्पट, २५ वर यायचं तर चौपट. म्हणून तर बारीक टॉवर हळू आवाजात एकदम भरदार वाटतात आणि व्हॉल्यूम वाढवला की त्यांना दम लागतो.

वूफर मोजताना हेही विचारा की त्यातले अँपला (ॲम्प्लिफायरला) जोडलेले किती. केईएफच्या क्यू७५० मध्ये खालच्या बाजूला तीन सारखे गोल दिसतात, त्यातला एकच खरा वूफर, बाकीचे दोन पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे त्यांना वायरच नाही, पेटीतल्या हवेच्या दाबावर हलतात आणि जे काम इतर टॉवरमध्ये बेस वाढवण्यासाठी पेटीला ठेवलेलं मागचं भोक करतं ते करतात. यात फसवणूक काही नाही, चांगली पद्धत आहे, पण "चार वूफरवाला" म्हणून कुणी विकत असेल तर हसून सोडून द्या.

आता ३८ आणि ४४. नुसता हर्ट्झचा आकडा म्हणजे बिल्डरच्या जाहिरातीतलं "स्टेशन पाच मिनिटांवर", चालत की रिक्षाने ते कुणी सांगत नाही. शेजारी डेसिबल लिहिलेत का बघा, म्हणजे त्या हर्ट्झला आवाज किती घसरलाय ते. एक कंपनी आकडा देते प्लस-मायनस ३ डेसिबलचा, दुसरी देते मायनस ६ चा, काही जण तर मायनस १० चा, आणि मायनस १० म्हणजे कानाला तो आवाज जवळपास निम्मा झालेला असतो. एकच स्पीकर एका नियमाने ४८ चा आणि दुसऱ्या नियमाने ३८ चा ठरू शकतो, त्यामुळे तुमचा ४४ वाला तुमच्या ३८ वाल्यापेक्षा खोल जात असेल हेही शक्य आहे. डेसिबल लिहिलेलेच नसतील तर तो आकडा सरळ विसरा.

त्याच्या शेजारी सेन्सिटिव्हिटीचा आकडा पण वाचा, म्हणजे थोड्या वॅटमध्ये स्पीकर किती डेसिबल मोठा वाजतो तो. स्पीकरवाल्यांमध्ये हॉफमनचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे (केएलएच ही अमेरिकन कंपनी १९५७ मध्ये ज्या तिघांनी काढली त्यातला एच म्हणजे हा हॉफमन): पेटी छोटी, बेस खोल, आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी दोनच मिळतात. पुढे ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भोकाच्या पेट्यांचं सगळं गणित मांडलं, तेव्हापासून पेट्या अंदाजाने बनवायची गरज उरली नाही, पण हा नियम काही कुणाला मोडता आला नाही. तेव्हा वीतभर रुंदीचा टॉवर ९२ डेसिबल आणि ३५ हर्ट्झ दोन्ही छापत असेल तर शंका घ्या.

खरी तुलना ऐकूनच होते, पण दुकानात जशी होते तशी नाही. दोन्ही स्पीकर एकाच अँपवर, एकाच जागी ठेवायला लावा. मग गाण्यातला माणसाचा आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा येईल असा व्हॉल्यूम लावा, फोनवरचं डेसिबल दाखवणारं ॲप याला पुरतं (बेस मोजायला नाही पुरत, फोनचा माइक तिथे कच्चा असतो). हे केलं नाही तर एकदीड डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर कायम "जास्त चांगला" वाटतो आणि सेल्समनला हे माहीत असतं. आणि ते गिटारवालं अमेरिकन लाईव्ह गाणं जे प्रत्येक शोरूममध्ये लावतात ते बंद करायला सांगा, त्यातला तो सुरुवातीचा धप्प कुठल्याही स्पीकरवर भारीच वाटतो. त्यापेक्षा ज्यात बेस गिटार किंवा कीबोर्डचा बेस एकेक स्वर पायऱ्या उतरल्यासारखा खाली जातो असं काहीतरी लावा. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा स्वर ४१ हर्ट्झ. सगळे स्वर सारख्या वजनाने आले तर स्पीकर प्रामाणिक. मधलेच दोनतीन उसळून आले आणि खालचे गायब झाले तर कंपनीने ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा देऊन बेसचा भास केलाय, आणि असे टॉवर बाजारात ढिगाने आहेत. पुरुषाचा आवाज लावून बघा, निवेदक पिंपात बसून बोलतोय असं वाटलं की तोच फुगवटा. शेवटी व्हॉल्यूम घरी ठेवता त्यापेक्षा थोडा वर न्या आणि मागच्या भोकाशी कान द्या, फुस्स-फुस्स ऐकू आलं तर त्याची हद्द तिथेच संपली.

तुमच्या १६ बाय १२ ला दोन साडेसहा इंचीवाला पुरेसा आहे, मी तोच आधी ऐकला असता. पण वर सांगितलंय तसं ऐकून आठ इंची सरस वाटला तर खुशाल तो घ्या.

कोल्हापूर: शोरूममध्ये छाती हलत होती, घरी आणले तर सोफ्यावर बेस नाहीच! आणि गंमत म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की धाड धाड येतो. स्पीकर खराब निघाले का?

आधी दोन मिनिटांची तपासणी. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीये का बघा. एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल तर दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात, आणि गायकाचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी खोलीभर पसरल्यासारखा येतो. मागे चार टर्मिनल असतील तर त्यांना जोडणारी पितळी पट्टी घट्ट आहे ना तेही बघा.

ते ठीक असेल तर स्पीकर चांगले आहेत, सोफा चुकीच्या जागी आहे. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, बहुतेक हॉलपेक्षा मोठी, ती भिंतींवर आपटून परत येते आणि खोलीत काही जागी दुप्पट होते, काही जागी शून्य. कुठला स्वर अडकणार ते काढायला ५६५ ला खोलीच्या फुटातल्या लांबीने भागा. वरच्या नाशिककरांच्या हॉलमध्ये १६ फुटाला ३५ हर्ट्झ येतं, १२ फुटाला ४७. आता हा पहिला स्वर खोलीच्या बरोब्बर मध्यावर मरतो आणि दोन्ही टोकांच्या भिंतींशी सगळ्यात मोठा असतो. तुमचा सोफा हॉलच्या मधोमध आहे आणि स्वयंपाकघराचं दार कोपऱ्यात आहे, बरोबर ना? (पत्रात लिहिलं नाहीये, पण पैज लावतो.) सोफा फूट-दीड फूट मागे सरकवा आणि परत ऐका, मग आणखी थोडा. अगदी भिंतीला टेकवू नका, तिथे सगळंच घुमतं.

मग टॉवर सरकवा. स्पीकरचा पुढचा चेहरा मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर असेल तर मागे जाऊन परत आलेली लाट ९४ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते, म्हणजे तिथला आवाज दबतो, २ फुटांवर असेल तर तोच खड्डा वर १४० ला जातो. जवळ आणलं की बेस वाढतो, कोपऱ्यात टाकलं की अजून वाढतो पण तिथे तो गढूळ होतो. माझं सांगणं असं की भिंतीच्या जवळून सुरुवात करा आणि पुरुषाचा आवाज स्वच्छ होईपर्यंत चार-चार इंच पुढे ओढा, आणि जमिनीवर पेन्सिलने खूण करा नाहीतर झाडू मारणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी सगळं भिंतीला लावून ठेवतील.

जिथे खड्डा आहे तिथे इक्वलायझरने (ठरावीक हर्ट्झचा आवाज कमीजास्त करायची सोय) बेस वाढवून भरायला जाऊ नका, ६ डेसिबल वाढवले की अँपला चौपट पॉवर द्यावी लागते आणि खड्डा तसाच राहतो. उंचवटा मात्र इक्वलायझरने छान खाली येतो. नीट बघायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड म्हणजे आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सोबत मोजमापाचा यूएसबी माइक लागेल, एखाद्या मित्राकडे असला तर मागून आणा.

डोंबिवली: बेडरूममध्ये टॉवर लावलेत, खोली १० बाय १०. एकच स्वर भुंग्यासारखा घुमत राहतो, बाकी बेस ठीक. छतही साधारण दहा फुटावर आहे.

अहो हा तर चौकोनी ठोकळा झाला. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ५६५ भागिले १० म्हणजे ५६ हर्ट्झवरच अडकतात, एकावर एक तीन थर. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंती आणि फरशी तो आवाज बाहेर पण जाऊ देत नाहीत. पातळ फोमचे ते उंचसखल चौकोन चिकटवून काहीही होणार नाही, ते वरच्या आवाजांसाठी असतात. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप, म्हणजे बेस शोषणारे गठ्ठे, लावले तर फरक पडतो, पण बेडरूममध्ये तुम्हाला ते कोण लावू देणार. टॉवरबरोबर भोकात घालायचे फोमचे बोळे आले असतील तर ते घाला, नसतील तर सुती मोजे गुंडाळून बघा, अँपला इक्वलायझर असेल तर ५६ च्या आसपास ६ डेसिबल खाली ओढा. खरं सांगायचं तर एवढ्या खोलीत चांगले बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर, पुरले असते, टॉवर हॉलमध्ये न्या.

पुणे: आमच्याकडे एव्ही रिसिव्हर, पुढे मोठे टॉवर, सेंटर आणि मागे दोन छोटे. गाणी मस्त, पण सिनेमात स्फोट झाला की फुसका बार. टॉवर ३५ हर्ट्झपर्यंत जातात म्हणे.

मेनूत जा, स्पीकर सेटिंगमध्ये सबवूफर "यस" असणार. म्हणजे रिसिव्हरला वाटतंय सबवूफर लावलाय, आणि ५.१ मधला जो ".१", म्हणजे एलएफई नावाचा वेगळा बेसचा ट्रॅक असतो, तो सगळा तिकडे धाडतोय, जिथे काहीच जोडलेलं नाही. ते "नो" करा. केलं की पुढचे स्पीकर आपोआप "लार्ज" (म्हणजे सगळा बेस स्वतः वाजवणारे) होतात आणि तो ट्रॅक टॉवरकडे येतो. सेंटर आणि मागचे "स्मॉल" ठेवा, क्रॉसओव्हर (बेस जिथून खाली दुसरीकडे वळवायचा ती सीमा) ८० हर्ट्झ, त्यांचाही बेस मग टॉवरच उचलतात. टीव्ही बॉक्समधून पीसीएम स्टीरिओ (दोनच चॅनलचा आवाज) येत असेल तर ते बिटस्ट्रीमवर (मूळ ट्रॅक तसाच रिसिव्हरकडे) टाका, कारण पाच चॅनलचे दोन करताना तो ".१" बहुतेक वेळा गाळूनच टाकतात. मोठे आवाज दाबणारा नाईट मोड चालू असेल तर बंद.

पण हेही ऐका. एलएफईचा ट्रॅक बाकी चॅनलपेक्षा १० डेसिबल जास्त जोरात वाजवायचा असतो आणि त्यात पार २० हर्ट्झपर्यंतचा ऐवज असतो. भोकाचा टॉवर त्याच्या हद्दीखाली सप्तकाला २४ डेसिबल या वेगाने कोसळतो (बंद पेटीचा १२ नेच उतरतो), आणि हद्दीखाली भोकाच्या पेटीतली हवा कोनला धरून ठेवत नाही, तो नुसताच लटपटतो. मोठ्या आवाजात टकटक ऐकू आली की ताबडतोब व्हॉल्यूम कमी करा. गाण्यांसाठी सबवूफर नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कायम बोलतो, पण सिनेमा थिएटरसारखा हवा आणि सबवूफरही नको, हे नाही जमत. डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजीसारख्या काही कंपन्या टॉवरच्या पोटातच अँपसकट बेस युनिट बसवतात, डबा नको म्हणणाऱ्यांसाठी तो एक मार्ग आहे, फक्त टॉवरजवळ प्लग पॉइंट लागतो.

रत्नागिरी: काका, मी कॉलेजला आहे, रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात ऐकतो. दिवसा चांगला येणारा बेस रात्री गायबच होतो. दुकानदार म्हणतोय अँप मोठा घे.

घेऊ नकोस, पैसे ठेव. अँप नाही, तुझा कान बदलतोय. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज कमी केला की माणसाला खालचे स्वर सगळ्यात आधी ऐकू यायचे बंद होतात. आताच्या मोजमापाप्रमाणे १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा वाटतो तेवढाच ५० हर्ट्झचा वाटायला ७५ च्या वर डेसिबल लागतात. रात्री तू एकूण व्हॉल्यूम खाली आणलास की तो बेस कानाच्या हद्दीखाली जातो, मग अँप ५० वॅटचा असो की ५०० चा. जुन्या अँपवर "लाउडनेस" नावाचं बटण असायचं ते याच्यासाठीच. हायफायवाल्या मंडळींनी त्याला नाकं मुरडली आणि कंपन्यांनी काढून टाकलं, माझ्या मते मूर्खपणा. यामाहाच्या ए-एस३०१, ए-एस५०१ वर अजून त्याची फिरवायची कळ आहे. तुझ्या अँपवर नसेल तर रात्रीपुरता बेसचा नॉब थोडा वर कर, हळू आवाजात स्पीकरला काही धोका नाही. आणि दुकानात डेमो घेशील तेव्हा तुझ्या रात्रीच्या आवाजालाच घे, हे कुणीच करत नाही.

एडिसन, न्यू जर्सी: ठाण्याहून इकडे शिफ्ट झालो, जुने टॉवर बरोबर आणले. ठाण्यात भरपूर बेस होता, इथे बारीक वाटतो. मी मुख्यतः शास्त्रीय ऐकतो, ३० हर्ट्झवाले मोठे टॉवर घ्यावेत का?

ठाण्यातलं घर काँक्रीटचं, तिकडचं लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड. बेसला अशी भिंत हलते आणि तो तिच्यातून निघून जातो, आपल्याकडे तो आत कोंडून राहतो. टॉवर तेच आहेत, घराची मदत गेली. त्यातून तिकडे हॉल मोठा आणि किचनला उघडा असणार. पण याची चांगली बाजू अशी की आता जो बेस येतोय तो स्वच्छ आहे, दोन महिने कानाला सवय होऊ द्या.

शास्त्रीयला ३० हर्ट्झ लागतच नाही. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्याचा षड्ज १३८ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. काळी चारची गायिका असेल तर खर्ज १०४ वर. डग्ग्याचा घुमारा शंभरच्या अलीकडेपलीकडे खेळतो. म्हणजे ५० पर्यंत सरळ जाणारा टॉवर तुमचं काम करतो, आणि खोलीपेक्षा महत्त्वाचं हे की घिस्सा घेतल्यावर डग्ग्याचा सूर वर चढताना सलग ऐकू यावा, मध्येच फुगू नये किंवा बुडू नये. पाइप ऑर्गन ऐकत असता तर वेगळी गोष्ट होती, त्याचा ३२ फुटी नळा १६ हर्ट्झला बोलतो. टॉवर भिंतीच्या थोडे जवळ घ्या आणि डॉलर वाचवा.

सोलापूर: नवीन टॉवर शंभर तास वाजवल्यावर बेस "खुलतो" म्हणे, खरंय का? आणि खाली स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, लावले तर?

वूफरची रबरी कड आणि स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचिक जाळी) थोडे सैल होतात, पण त्याने बेसमध्ये ऐकू येण्याइतका फरक सहसा पडत नाही, खुलतो तो बहुतेक आपला कान. बेस आवडला नसेल तर दुकानदाराची परत घ्यायची मुदत शंभर तासांच्या नादात घालवू नका. स्पाइक गुळगुळीत टाइल्सवर असतील तर खाली नाणी ठेवा, नाहीतर फरशीवर चरे पडतील. बेस वाढत नाही त्याने, टॉवर डुगडुगायचा थांबतो.